बीथोव्हेन पाचवी, पहिली मूव्हमेंट: सुरुवातीचे पाच बार एकत्र येत नाहीत

अपबीट_पुणे

आमचा हौशी वाद्यवृंद आहे. (ऑर्केस्ट्रा म्हणायची सोय नाही, लगेच कुणीतरी गणपतीत गाणी वाजवता का विचारतं.) बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची फक्त पहिली मूव्हमेंट (चार भागांतला पहिला) बसवायची आहे. अडीच महिने हातात आहेत, आठवड्याला दोन तासांची एक तालीम.

माणसं ३३: फर्स्ट व्हायोलिन ८, सेकंड ७, व्हिओला ३, चेलो ४, डबल बास १, फ्लूट २, ओबो १, क्लॅरिनेट २, हॉर्न २, ट्रंपेट २, टिंपनी १. बासून (खर्जातलं लाकडी फुंकवाद्य) एकही नाही.

अडचणी अशा:

१. पहिली एन्ट्री फुटते. कुणी आधी, कुणी नंतर. "ता-ता-ता-टाऽऽ" ऐवजी "तरररटाऽऽ" ऐकू येतं.
२. फर्माटा (स्वर मोजणीपलीकडे धरून ठेवायची खूण) किती धरायचा? पहिला आणि दुसरा सारखाच का?
३. स्कोअरवर (सगळ्या वाद्यांच्या ओळी असलेली प्रत) मिनिम = १०८, म्हणजे मिनिटाला १०८ मिनिम, लिहिलंय. हे खरंच वाजवतात का? काही रेकॉर्डिंग ऐकली, प्रत्येकाचा वेग वेगळा.
४. बासूनचं काय करायचं? विशेषतः बार (दोन उभ्या रेघांमधला खण) ३०३.
५. कंडक्टरकडे एक जुनं रीप्रिंट आहे, पार्ट (एकेका वाद्याच्या सुट्या प्रती) नेटवरून उतरवलेत. चालेल का?

---

चौथा_डेस्क

१ आणि २ बद्दल सविस्तर लिहितो, कारण दोन्हींचा आजार एकच आहे.

आधी कागदावर काय आहे ते बघा. टू-फोर, बारमध्ये चार क्वेव्हर किंवा एक मिनिम. पहिल्या बारचा पहिला क्वेव्हर रिकामा आहे, मग तीन क्वेव्हर जी, आणि दुसऱ्या बारच्या बीटवर ई फ्लॅटचा मिनिम. म्हणजे समेवर शांतता आहे आणि तीन स्वर पुढच्या समेवर जाऊन पडतात. तबल्याच्या भाषेत "ऽ त क ट | धाऽऽऽ". तुमच्या लोकांच्या डोक्यात "तकट धा" आहे, त्यातला सुरुवातीचा "ऽ" गळालाय. तो गळाला की पहिल्या जीवर ठोका बसतो, तिन्ही स्वर ट्रिपलेट होतात आणि तुम्ही लिहिलेलं "तररर" तयार होतं.

तालमीत हे असं करा:

वाद्यं मांडीवर. सगळ्यांनी बारच्या बीटला पायाने ठोका द्यायचा आणि तीन क्वेव्हर टाळ्यांनी. ठोका आणि टाळी एकत्र पडली तर थांबायचं. मेट्रोनोम ७२ पासून, एक क्लिक म्हणजे एक बार. हे जमल्यावर सगळ्या तंतुवाद्यांनी मोकळ्या डी तारेवर, एमपीमध्ये (मध्यम हळू), तोच ताल. ते जमल्यावर खरे स्वर, अजूनही एमपी. एफएफ (खूप मोठ्याने) सगळ्यात शेवटी. पहिल्याच तालमीत एफएफ वाजवायला लावलं की उजवा खांदा आखडतो आणि आखडलेला हात नेहमी आधीच पडतो.

बोइंग (बो म्हणजे गज कुठल्या दिशेने ओढायचा): तीन क्वेव्हर अप-डाउन-अप, मिनिम डाउन. बोच्या खालच्या अर्ध्या भागात, तारेवरून न उचलता, प्रत्येक क्वेव्हरला तीन-चार बोटं बो. तिसरा क्वेव्हर नेमका गिळला जातो, कारण सगळ्यांचं लक्ष मिनिमकडे असतं. तिसऱ्यावर मुद्दाम भर द्यायला सांगा, म्हणजे तिन्ही सारखे ऐकू येतील.

व्हायोलिनचा डावा हात: जी डी तारेवर तिसऱ्या बोटाने, ई फ्लॅट पहिलं बोट नटकडे मागे ओढून. ते बोट नेहमी थोडं चढं पडतं. क्लॅरिनेट हेच स्वर वाजवत असतात (सुरुवातीला फक्त तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट आहेत, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही). ई फ्लॅट त्यांच्याशी जुळवून घ्या. चौथ्या बारचा डी मोकळ्या तारेवर की जी तारेवर चौथ्या बोटाने, हे आधी ठरवा. निम्मे इकडे, निम्मे तिकडे असं नको. मोकळी तार सुरात पक्की, पण बो उचलल्यावरही घुमत राहते, म्हणून कटऑफला (स्वर तोडताना) बोटाने हलकेच दाबून बंद करावी लागते. पंधरा हौशी व्हायोलिन असतील तर मोकळीच बरी.

आता कंडक्टर. मूव्हमेंट बारला एक बीट अशी चालते. एक अपबीट (काठी वर), मग डाउनबीट (काठी खाली), आणि वादक वाजवतात त्या डाउनबीटच्या *नंतर*, काठी वर उसळताना. अपबीट ज्या वेगाने जाईल तोच मूव्हमेंटचा वेग, त्यातून दुसरी कुठलीही माहिती वादकाला मिळत नाही. अपबीट लांबट आणि डाउनबीट झटकन असं झालं तर निम्मे लोक अपबीटवर विश्वास ठेवतात, निम्मे डाउनबीटवर. तुमची फुटलेली एन्ट्री बहुतेक तिथेच आहे. जमतच नसेल तर एक पूर्ण रिकामा बार अगदी लहान हालचालीत देऊन मग खरा बार द्या. दिसायला फार देखणं नाही, पण हौशी ग्रुपमध्ये चालतं. तोंडाने "वन, टू" मात्र नको. बारला एकच बीट आहे, टू येणार कुठून?

फर्माटा. दुसऱ्या बारच्या ई फ्लॅटवर एक. मग तिसऱ्या बारमध्ये पुन्हा रिकामा क्वेव्हर, तीन एफ, आणि चौथ्या बारचा डी पाचव्या बारला टायने (न तोडता धरायच्या कमानीने) जोडलेला, फर्माटा पाचव्यावर. म्हणजे दुसरा मुक्काम पहिल्यापेक्षा निदान एक बार जास्त, आणि तो हिशेबाने जास्त आहे. बीथोव्हेनने हा जादा बार नंतर घातला. त्याच्या मनात दोन्ही सारखे असते तर त्याने तो त्रास घेतला नसता. कंडक्टरने चौथ्या बारला एक डाउनबीट आणि पाचव्याला दुसरी, लहानशी, डाउनबीट दाखवायची आणि मग धरायचं. ती न दाखवल्यास पुढे बार २३–२४ ला हमखास गोंधळ होतो, तिथेही हाच प्रकार आहे.

पहिल्या फर्माटातून बाहेर पडताना कटऑफ आणि पुढची अपबीट ही एकच हालचाल करा. वेगळ्या केल्या तर मध्ये भोक पडतं. अर्थात थोडी जागा लागतेच: मिनिम डाउन बोवर संपल्यावर बो टोकाला पोचलेला असतो आणि पुढचे क्वेव्हर टोकाला वाजवले तर फुसके येतात. बो हवेतून परत खाली आणायला साधारण एक बार लागतो. कंडक्टरचा कटऑफ त्याच वेळेचा असला की दोन्ही आपोआप जुळतं. लांब फर्माटात बो मध्येच बदलावा लागला तर डेस्कवरच्या दोघांनी एकाच वेळी बदलायचा नाही.

आणि पाचव्या बारनंतर लगेच पियानो (म्हणजे हळू) आहे, फक्त सेकंड व्हायोलिन. कंडक्टरने मोठा कटऑफ मारला की सेकंड बिचारे मोठ्यानेच येतात. दोष त्यांचा नसतो.

---

बारमोजणी

प्रश्न ३.

मिनिम = १०८ हा आकडा बीथोव्हेनचाच. सिंफनी छापली गेली १८०९ मध्ये, तेव्हा मेल्झेलचा मेट्रोनोम बाजारात नव्हता. १८१७ मध्ये त्याने पहिल्या आठही सिंफन्यांचे मेट्रोनोम आकडे लाइपझिगच्या संगीत-नियतकालिकात प्रसिद्ध केले. मेट्रोनोम बिघडलेला होता, त्याने वाचताना चूक केली वगैरे तर्क भरपूर झालेत. पण त्याच यादीत दुसऱ्या मूव्हमेंटला क्वेव्हर = ९२, तिसरीला डॉटेड मिनिम = ९६ आणि शेवटच्या मूव्हमेंटला मिनिम = ८४ आहे. शेवटच्या मूव्हमेंटचा आकडा कुणालाही अशक्य वाटत नाही. एकच यंत्र एका मूव्हमेंटपुरतं बिघडलं, हे पटवून घेणं कठीण आहे.

१०८ म्हणजे काय ते मोजा. एक बार ०.५६ सेकंद. एक क्वेव्हर ०.१४ सेकंद. सुरुवातीचे तीन जी मिळून अर्ध्या सेकंदाच्याही आत.

मूव्हमेंट ५०२ बारची आहे. एक्स्पोझिशन (थीम मांडणारा पहिला भाग) १२४ बारचं, ते पुन्हा वाजवलं की ६२६. त्यावरून:

१०८ ला ५ मिनिटं ४८ सेकंद
९२ ला ६ मिनिटं ४८ सेकंद
८० ला ७ मिनिटं ५० सेकंद

यात फर्माटे आणि ओबोचा एकट्याचा तुकडा धरलेला नाही, त्यांचे वीस-तीस सेकंद वर घाला. आता कुठल्याही रेकॉर्डिंगच्या ट्रॅकची लांबी बघा, पुनरावृत्ती आहे की नाही ते ऐका (नसेल तर ५०२ ने हिशेब करा) आणि सरासरी वेग काढा. "हे वेगवान, ते संथ" यावरची अर्धी भांडणं इथेच मिटतात, कारण पुष्कळदा एकाने पुनरावृत्ती गाळलेली असते आणि त्याची मूव्हमेंट लहान म्हणून लोकांना ती वेगवान वाटते.

ऐकायचंच असेल तर टोकाची ऐका. आर्थर निकिश आणि बर्लिन फिलहार्मोनिक, १९१३: संपूर्ण सिंफनीच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी एक. मायक्रोफोन नाही, सगळा वाद्यवृंद भोंग्यासमोर दाटीवाटीने बसवलेला, तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटं. त्यात फर्माटे किती लांब धरलेत ते ऐका. लांब फर्माट्याचा दोष लोक फुर्टव्हेंगलरवर टाकतात, पण त्याच्या आधीच ती पद्धत रुळलेली होती. मग फुर्टव्हेंगलर, बर्लिन, मे १९४७. मग कार्लोस क्लायबर, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७४. आणि शेवटी गार्डिनर किंवा नॉरिंग्टन, जुन्या बनावटीच्या वाद्यांवर, १०८ च्या आसपास.

हे ऐकल्यावर एक लक्षात येईल. कागद एकच आहे, सुरुवातीचं ते "धडाऽम" हा मात्र कंडक्टर लोकांनी शंभर-सव्वाशे वर्षं एकमेकांकडून उचललेला वारसा आहे. त्यात वाईट काही नाही, पण तो कागदावर नाही हे माहीत असलेलं बरं. पहिल्या पाच बारांवर "अलेग्रो कॉन ब्रियो" खेरीज वेगाची कुठलीही वेगळी सूचना नाही. सुरुवात संथ आणि सहाव्या बारपासून खरा वेग, हे सरळसरळ घुसडलेलं आहे.

---

खर्जातला

वरच्या हिशेबाशी भांडण नाही, पण ३३ हौशी लोकांना १०८ सांगू नका. ९२ ते ९६ वर थांबा. कारण सौंदर्याचं नाही, अंतराचं आहे.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुमचा डबल बास आणि फर्स्ट व्हायोलिनचा शेवटचा डेस्क यांच्यात दहा मीटर अंतर असेल तर आवाज पोचायला जवळपास ०.०३ सेकंद लागतात. १०८ ला क्वेव्हर ०.१४ चा, म्हणजे पाचवा हिस्सा तिथेच गेला. त्यात बासची जाड तार बोलायला व्हायोलिनपेक्षा उशीर लावते. मागचे लोक पुढच्यांना *ऐकून* वाजवायला लागले की ते मागेच पडणार. व्यावसायिक वादक काठी आणि पुढच्या डेस्कचा बो बघून वाजवतात, कानावर विसंबून नाही. ही सवय अडीच महिन्यांत पुरती लागत नाही. तेव्हा: खुर्च्या जवळ घ्या, बासला चेलोच्या अगदी पाठीशी आणा, प्रत्येकाला काठी *आणि* आपल्या विभागप्रमुखाचा उजवा हात एका नजरेत दिसेल अशी खुर्ची वळवा. स्टँड छातीच्या खाली.

आणखी एक बास मिळवाच. एक बास आणि चार चेलो हा पाया पंधरा व्हायोलिनला पुरत नाही. दुसरा मिळालाच नाही तर फर्स्टमधले एक-दोन व्हिओलाला द्या. व्हिओला तीन आहेत, ते चार झाले तर बार ६ पासून फरक कळेल: मोटिफ (ती चार स्वरांची खूण) सेकंडकडून व्हिओलाकडे आणि तिथून फर्स्टकडे जातो, मधली कडी तीन जणांची असली तर ती दिसतच नाही.

बैठकीबद्दल: फर्स्ट डावीकडे आणि सेकंड समोर उजवीकडे ही जुनी पद्धत इथे मोहात पाडते, कारण तो मोटिफ मंचावर फिरताना ऐकू येतो. पण उजवीकडे बसल्यावर व्हायोलिनचं तोंड मागच्या भिंतीकडे होतं. सात सेकंड, त्यातही नवखे असतील, तर त्यांचा आवाज विंगेत जाईल. तुमच्यासाठी शेजारी-शेजारीच ठीक.

लहान ग्रुप म्हणून वाईट वाटून घेऊ नका, आणि "बीथोव्हेनच्या काळी असाच लहान असायचा" असंही मिरवू नका. राजवाड्यातल्या दिवाणखान्यात लहान असायचा हे खरं. पण १८१४ मध्ये व्हिएन्नाच्या मोठ्या रेडूटेनझालमधल्या कार्यक्रमाची त्याने स्वतः केलेली नोंद आहे: फर्स्ट १८, सेकंड १८, व्हिओला १४, चेलो १२, बास ७. जागा मोठी, पैसे असले, तर त्यालाही माणसं हवीच होती.

---

सुगमप्रेमी

एवढं तांत्रिक कशाला? ती दैवाची दारावरची थाप आहे. थाप कशी पडते तशी वाजवा, भाव आला की सगळं येतं.

---

चौथा_डेस्क

@सुगमप्रेमी, ती थापेची गोष्ट बीथोव्हेनचा सचिव शिंडलर याने सांगितलेली आहे, आणि शिंडलरने बीथोव्हेनच्या संभाषण-वह्यांमध्ये त्याच्या मृत्यूनंतर स्वतःच्या हाताने नोंदी घुसडल्याचं सिद्ध झालेलं आहे. बीथोव्हेनचा शिष्य चेर्नी याने दिलेली हकीकत वेगळीच: हा मोटिफ एका पक्ष्याच्या, यलोहॅमरच्या, ओरडण्यावरून सुचला. दुसऱ्या महायुद्धात तीन टिंब एक रेघ म्हणजे मोर्समधला व्ही, म्हणून बीबीसीने तो विजयाची खूण केला. तिन्ही गोष्टी ऐकायला झकास आहेत. पण थाप डोक्यात ठेवली की माणूस पहिल्या जीवर जोर देतो, आणि मूळ दुखणं तेच आहे.

---

क्रुक_बदला

प्रश्न ४. इथे तुमची अडचण आणि सिंफनीचा इतिहास एकमेकांना भेटतात.

बार ५९ ला दोन हॉर्न एकटेच, एफएफमध्ये, दुसऱ्या थीमची हाक देतात: बी फ्लॅट तीनदा, मग ई फ्लॅट, एफ, बी फ्लॅट. हॉर्न ई फ्लॅटचे, हे सगळे स्वर त्यांच्या मोकळ्या नळीत येतात. रीकॅपिट्युलेशनमध्ये (सुरुवातीच्या थीम पुन्हा येतात तिथे), बार ३०३ ला, तीच हाक सी मेजरमध्ये येते: जी तीनदा, मग सी, डी, जी. तेव्हाच्या हॉर्नला व्हाल्व्ह (नळीची लांबी बदलणाऱ्या कळा) नव्हते. ई फ्लॅटच्या नळीवर यातले सी आणि डी काढायचे तर घंटेत हात कोंबावा लागतो आणि आवाज दबका, घुसमटलेला येतो. क्रुक (हॉर्नचा सूर ठरवणारा नळीचा जोड) बदलून सीचा लावायला मध्ये उसंत नाही. म्हणून बीथोव्हेनने तिथे दोन बासून लिहिले, तेही एफएफ.

व्हाल्व्ह आल्यावर पुष्कळ कंडक्टरांनी "त्याला हॉर्नच हवे होते, वाद्य नव्हतं म्हणून बासून" असं म्हणून ती जागा हॉर्नना दिली, किंवा बासूनला हॉर्नची जोड दिली. विसाव्या शतकाच्या बऱ्याच रेकॉर्डिंगांत तेच ऐकू येतं. आता वारं उलट फिरलंय, जे लिहिलं ते वाजवा. माझं मतही तेच आहे: त्या क्षणी दुसरं कुणीच वाजवत नाही, त्यामुळे बासून ऐकू न येण्याचा प्रश्नच नाही. पहिल्यांदा पितळेची ललकारी आणि दुसऱ्यांदा लाकडाचा थोडा खरखरीत आवाज, हा बदल कानाला हवाहवासा वाटतो.

पण तुमच्याकडे बासूनच नाहीत. तर बार ३०३ हॉर्नना द्या, निर्धास्तपणे. शतकभराची परंपरा पाठीशी आहे. युफोनियमला देऊ नका. बँडमधला चांगला वादक सहज मिळेल, पण तो गोल, मऊ आवाज इथे अगदी मिरवणुकीतला वाटतो.

बाकी बासूनचा पार्ट: बराचसा चेलो-बासच्याच ओळीवर चालतो, तो सोडला तरी चालेल. जिथे लाकडी वाद्यं नुसते धरलेले कॉर्ड वाजवतात तिथे मात्र खालचा मजला गायब होतो. बास क्लॅरिनेट मिळाला तर पहिला बासून त्यावर लिहून द्या (एक टोन वर, आणि वादकाची सवय ट्रेबल क्लेफची असेल तर क्लेफ बदलून आणखी एक ऑक्टेव्ह वर). नाहीच मिळाला तर एका चेलोला त्या जागा वेगळ्या काढून द्या. चेलोंपैकी शेवटचा डेस्क, पुढचा नको. दुसऱ्या ओबोचा पार्ट, तिसरा क्लॅरिनेट मिळाला तर, त्याला द्या. फ्लूटला दिला तर खालच्या स्वरांत तो बुडतो.

ट्रान्सपोझिशन तपासा. हॉर्नचा पार्ट ई फ्लॅटमध्ये आहे, तुमचे वादक एफ हॉर्नवर असणार, त्यांना सगळं एक टोन खाली वाचावं लागेल. ट्रंपेट सीमध्ये आहेत, बी फ्लॅट ट्रंपेटवाल्यांना एक टोन वर. तालमीत डोक्यात करायला लावू नका, लिहून द्या. बार ५९ ला वेग मात्र सोडू नका. हॉर्न एकटे आले की कंडक्टरला भरून येतं आणि तो थांबतो. तिथे कसलीही सूचना लिहिलेली नाही.

टिंपनी दोनच, सी आणि जी. कडक काठ्या घ्या, फेल्टच्या जाड काठ्यांनी क्वेव्हरचा लगदा होतो. कातडी तोंडाच्या असतील तर पावसाळी हवेत सूर उतरतो, मूव्हमेंट सुरू होण्याआधी शेवटचं काम तेच.

---

पिवळा_कागद

प्रश्न ५. चालेल, पण एक संध्याकाळ घालवून तपासा.

नेटवर मिळणारे पार्ट आणि स्वस्त रीप्रिंट ही बहुतेक ब्राइटकॉफ आणि हार्टेलच्या एकोणिसाव्या शतकातल्या समग्र आवृत्तीची मुलं आहेत. स्वर जवळपास सगळे बरोबर. घोळ स्लर (स्वर जोडणाऱ्या कमानी), स्टॅकाटोच्या (स्वर तोडायच्या) खुणा आणि डायनॅमिक्समध्ये (हळू-मोठ्याच्या सूचना). पूर्ण स्कोअर छापला गेला १८२६ मध्ये, त्याआधी सतरा वर्षं नुसते सुटे पार्ट होते, त्यामुळे स्रोत एकमेकांशी भांडतात. नवीन चिकित्सक आवृत्त्या (बेरेनरायटरसाठी जोनाथन डेल मार, ब्राइटकॉफसाठी क्लाइव्ह ब्राउन) हे भांडण एकेका खुणेपाशी सोडवतात. पैसे असतील तर स्कोअर आणि पार्ट दोन्ही एकाच आवृत्तीचे घ्या.

जुनेच वापरणार असाल तर: सगळ्या पार्टमध्ये बार नंबर आहेत का बघा, जुन्यांत नुसती अक्षरं असतात आणि ती स्कोअरशी जुळतीलच असं नाही. प्रत्येक पार्टमध्ये ५, २४, ५९, १२५, २४८, २६८, ३०३ हे आकडे लाल पेनने घाला. तालमीत "त्या हॉर्नच्या नंतर" म्हणण्यात रोज दहा मिनिटं जातात. शेवटचा बार सगळ्यांचा ५०२ आला पाहिजे. कुणाचा ५०० किंवा ५०३ आला तर तो पार्ट मोजून काढा, तालमीत कळायची वाट बघू नका.

ए-४ वर छापू नका, मूळ पान मोठं असतं. ए-३ वर दोन पानं शेजारी छापून दुमडा. पान उलटायची जागा रिकाम्या बारांत येते का ते व्हायोलिनसाठी खास बघा.

पुढे कधी पूर्ण सिंफनी केलीत तर शेवटच्या मूव्हमेंटला पिकोलो, काँट्राबासून आणि तीन ट्रॉम्बोन लागतील, जे तोवर तीन मूव्हमेंट नुसते बसून असतात. (सिंफनीत ट्रॉम्बोन पहिल्यांदा बीथोव्हेनने आणले असं कार्यक्रमपत्रिकेत छापू नका. स्वीडनमधल्या एगर्टने १८०७ मध्येच वापरले होते.) आणि स्केर्झोत (तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये) जुन्या छपाईतल्या दोन जादा बारांची गंमत आहे: बीथोव्हेनने १८१० मध्येच प्रकाशकाला पत्र लिहून ते काढायला सांगितलं, तरी पुढची कित्येक वर्षं लोक ते वाजवत होते.

---

अपबीट_पुणे

सगळ्यांचे आभार. टाळ्यांचा प्रयोग कालच केला, सात-आठ जण ठोका आणि टाळी एकत्रच मारत होते, म्हणजे निदान बरोबर. बास एक आणखी मिळतोय.

दोन शंका उरल्या. एक, बारला एक बीट म्हणजे सगळे बार सारखेच दिसतात, लोक मध्येच हरवतात. दोन, बार २६८ चा ओबो. आमची ओबोवादक विचारते आहे की किती मोकळीक घ्यायची.

---

बारमोजणी

हरवण्यावर उपाय: बार सुटे मोजू नका, चार बारचं एक आवर्तन मोजा. पहिला बार सम, तिसरा काही ठिकाणी खालीसारखा हलका. बीथोव्हेनने नवव्या सिंफनीच्या स्केर्झोत "तीन बारांचा ठेका", "चार बारांचा ठेका" असं इटालियनमध्ये लिहूनच ठेवलंय. पाचवीत लिहिलेलं नाही, पण विचार तोच. व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्की विद्यार्थ्यांकडून स्कोअर असाच बारांच्या गटांत फोडून घ्यायचे, आणि मुंबईचे झुबिन मेहता त्यांच्याच हाताखाली शिकले. कंडक्टरने स्कोअरमध्ये पेन्सिलीने गट आखून घ्यावेत, जिथे चारच्या जागी तीन, पाच किंवा सहा बार येतात तिथे खूण. वादकांना तेवढ्याच जागा सांगायच्या. काठीने मात्र चारचा आकार दाखवायचा नाही, नवखे लोक तो चार क्वेव्हरचा समजतात. समेचा बार जरा मोठा, बाकीचे लहान, इतकंच.

एक्स्पोझिशनच्या शेवटी लिहिलेली शांतता आहे, तीही वेगातच मोजायची. तिथे लोक सुटकेचा श्वास सोडतात आणि पुनरावृत्तीची पहिली एन्ट्री पुन्हा फुटते. कंडक्टरने रिकामे बार लहान हालचालीत दाखवत राहायचे.

---

क्रुक_बदला

बार २६८. "अडाजिओ" लिहिलंय आणि स्वर लहान टाइपातले नाहीत, पूर्ण मोजून लिहिलेले आहेत. म्हणजे ताना घ्यायची जागा नाही. सगळा वाद्यवृंद थांबलाय आणि एकटा आवाज उरलाय, ही मोकळीक पुरेशी आहे. ओबोवादकाने श्वास बार २६८ च्या ऐन तोंडावर घ्यायचा नाही. ओबोत हवा कमी पडत नाही, उलट शिळी हवा छातीत साठते, म्हणून त्याआधीच्या बारांत एकदा *सोडून* मग घ्यायचा. कंडक्टरने काठी खाली ठेवावी, मोजू नये, आणि शेवटच्या स्वरावर ओबोवादकाच्या डोळ्यांकडे बघून पुढची अपबीट द्यावी. पुढचा बार पहिल्या वेगातच आहे. तो वेग ओबो वाजत असतानाच मनात चालू ठेवला नाही तर जुन्या वेगावर परत येत नाही, आणि मूव्हमेंटचा उरलेला भाग सगळा दहा-बारा अंकांनी खाली चालतो.

रीड दोन ओले करून ठेवायला सांगा. त्याच्या आधी चार-साडेचार मिनिटं एफएफ वाजवलेलं असतं.